एक माप लहान

कॅलोवे, अलाबामा
२५ फेब्रुवारी १९६३

प्रिय रॉस्को,

टी-केक वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. खोकं हॅटचं आहे, तेव्हा पोस्टातले तुझे सोबती "बहिणीने हॅट पाठवली का रे?" म्हणून चिडवतील. चिडवू देत. तुझ्या बायकोला, लुरीनला चार दे, नात डेनीसला सहा दे, आणि उरलेल्या तू नेहमीसारख्या उभ्याउभ्याच संपव.

आता बातमी. तुझ्या बहिणीने गेल्या मंगळवारी भर चर्चमध्ये तोंड उघडलं आणि तेव्हापासून गावात अर्ध्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. उरलेल्या अर्ध्या फक्त भांडायला बोलतात.

झालं असं, की चर्चमध्ये सभा होती. त्या गोऱ्या हार्गेट्सच्या दुकानात आपल्या बायकांना हॅट डोक्यावर घालून बघू देत नाहीत, 'मिसेस' म्हणत नाहीत, आणि काउंटरमागे आपलं एक माणूस नाही. म्हणून ठरलं, की यंदा ईस्टरला कुणी नवीन काही विकत घ्यायचं नाही आणि अंगावर घालायचं नाही. सगळ्यांनी जुन्या कपड्यांत, जुन्या हॅटमध्ये चर्चला यायचं. रेव्हरंड स्टॅलवर्थनी हे वाचून दाखवलं. सगळे "आमेन" म्हणाले. मी उठले.

"रेव्हरंड, हार्गेट्सकडून घेऊ नका हे पटलं. पण माझ्याकडून का नाही? तीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना आरशासमोर बसवून हॅट घालून दाखवतेय!"

रेव्हरंड म्हणाले, "सिस्टर टिलरी, रस्त्याने जाणाऱ्या गोऱ्या माणसाला कसं कळणार, नवी हॅट तुमची की हार्गेट्सची? सगळी डोकी जुनी दिसली तरच त्यांना झोंबेल."

यावर मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून युला मे गेन्स उठली. तीच, जिच्या वेणीला शाळेत तू बेडूक बांधला होतास. म्हणाली, "ओझेलाला काही बदलायलाच नकोय. उद्या हार्गेट्सने आपल्याला आरसा दिला तर हिच्या दुकानात कोण जाईल? गोऱ्यांच्या आडमुठेपणावरच तर हिची चूल पेटते!"

सगळं चर्च हसलं. मीही हसले, कारण दुसरं काय करणार होते? घरी येऊन मात्र लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या एकेचाळीस हॅटकडे बघत बसले. सगळ्या ईस्टरसाठीच होत्या. कुणाला कुठलं फूल, कुणाची भुवई कुठे झाकायची, सगळं ठरलेलं.

तू सांग, मी चुकले का? खरं सांग, पण लागेल असं सांगू नकोस.

तुझी,
ओझेला


शिकागो
७ मार्च १९६३

हॅटवाल्या महाराणी मिसेस ओझेला टिलरी यांना त्यांच्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

टी-केक पोचल्या. लुरीनला दोनच मिळाल्या, हे तिला कळवू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगतो, तू चुकलीस. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा हे म्हणायची संधी मिळाली आहे, त्यामुळे परत म्हणतो. झेला, तू चुकलीस. आख्खं गाव एकदाचं ताठ उभं राहिलंय, आणि तू मध्येच "माझ्या फुलांचं काय?" विचारतेस!

इकडे ये म्हणजे कळेल तुला. लुरीन परवा स्टेट स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानात गेली. सतरा हॅट घालून बघितल्या, एकही घेतली नाही, आणि मान ताठ ठेवून बाहेर आली. विकणारी बाई वर 'थँक यू, मॅडम' म्हणाली. इथे माणसाला माणूस म्हणतात. तुमच्याकडे तेवढ्यासाठी जर एक ईस्टर जुनी हॅट घालावी लागली तर कुणाचं डोकं झिजणार आहे?

तुझ्या भाषणावरून मला एवढं स्फुरण चढलंय, की इथल्या आपल्या लोकांच्या साप्ताहिकाला एक पत्र लिहितोय. नाव घालत नाही, घाबरू नकोस.

तुझा भाऊ (ज्याचं या वेळी बरोबर आहे),
रॉस्को


कॅलोवे
२१ मार्च १९६३

रॉस्को,

सोबत हॅटचं खोकं पाठवतेय. उघडून बघ. रिकामं आहे. त्यात टी-केक नाहीत, आणि यापुढेही नसतील.

"अलाबामातील एका हॅटवालीस अनावृत पत्र." नाव घातलं नाहीस, खरंच. फक्त लिहिलंस, की ती 'कॅलोवे गावात, चर्चच्या समोर, पिवळ्या दाराच्या दुकानात' बसते! अरे गाढवा, या गावात पिवळं दार एकच आहे, आणि ते तूच रंगवून गेला होतास.

युला मेची एक मावसबहीण शिकागोला राहते हे तू विसरलास. तुझ्या पत्राचं कात्रण शनिवारी आलं, रविवारी सकाळी ते चर्चच्या फळ्यावर होतं. चार टाचण्या लावून. "हॅटवालीच्या सुया टोचतात त्या फक्त आपल्याच माणसांना" हे वाक्य आता पोरीटोरी मला बघून म्हणतात. चांगलं वाक्य आहे. मला लागलं. मी तुला लागेल असं सांगू नकोस म्हटलं होतं, तू तर छापलंस.

आता माझी पाळी. डेनीस मला लिहिते, हे तुला माहीत आहे ना? आठ वर्षांची पोर आहे, पण पत्र तुझ्यापेक्षा सरळ लिहिते. तिने कळवलंय, की शिकागोच्या तुमच्या स्वर्गात आपल्या मुलांची शाळा भरते ती शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या पत्र्याच्या गाड्यांमध्ये, कारण दोन गल्ल्या पलीकडे गोऱ्या मुलांच्या शाळेत रिकामे वर्ग आहेत पण तिथे यांना घेत नाहीत. आजी निदर्शनाला फलक घेऊन गेली. आणि आजोबा? "आजोबांची कंबर दुखत होती म्हणून ते घरीच बसून पेपरला पत्र लिहीत होते."

कंबरेला शेक दे.

ओझेला


शिकागो
३० मार्च १९६३

प्रिय झेला,

रिकामं खोकं मिळालं. त्यात टी-केकचा वास अजून आहे. ही शिक्षा जरा जास्तच झाली.

चुकलो. दाराचा रंग लिहायला नको होता. आणि खरं सांगायचं तर पत्रच लिहायला नको होतं.

कंबर दुखत नव्हती. पोस्टात बावीस वर्षं झाली. माझा साहेब त्याच रस्त्यावरून घरी जातो. फलक हातात घेऊन त्याच्या समोर उभं राहायचं माझ्याच्याने झालं नाही. लुरीन एकटीच गेली. मग मी कागद घेऊन बसलो आणि सहाशे मैलांवरच्या बहिणीला शूर कसं व्हायचं ते शिकवलं. हस आता.

पण एक खरंच विचारतो, चिडून नाही. तू हार्गेट्सच्या दुकानाबद्दल अशी थंड कशी? तुला तर हॅटचं जरा वेडंवाकडं झालेलं खपत नाही. आईची ती निळी हॅट आठवते का, हार्गेट्सची? वर्षातून एकदा खोक्यातून निघायची. ईस्टरला चर्चमधून आलं की आई व्हिनेगरची पट्टी कपाळावर ठेवून संध्याकाळपर्यंत पडून असायची, आणि आपण पाय न वाजवता चालायचो. मी तर लहानपणी धरूनच चाललो होतो, की लांब प्रवचनाने डोकं दुखतं. अजूनही रेव्हरंडनी अर्ध्या तासाच्या वर नेलं, की मी लुरीनला म्हणतो, "चल, आईसारखं व्हायच्या आत निघू."

बोल काहीतरी. शिवी दिलीस तरी चालेल.

रॉस्को


कॅलोवे
८ एप्रिल १९६३

प्रिय रॉस्को,

प्रवचनाने नव्हे रे. हॅटने.

हे मी तुला एकोणपन्नास वर्षं सांगितलं नाही. आईने शपथ घातली होती. पण आता तू पंचावन्नचा झालास, कुणाचं नाक फोडायला सहाशे मैल येण्याइतकी तुझी कंबर चांगली नाही, तेव्हा सांगते.

१९१४ साली ईस्टरच्या आदल्या शनिवारी आई मला घेऊन हार्गेट्समध्ये गेली. वर्षभर लोकांचे कपडे धुऊन तिने ती निळी हॅट काचेतून बघून ठेवली होती. विकणारीने आईच्या डोक्याकडे लांबूनच पाहिलं, "ही होईल तुला" म्हणाली आणि खोक्यात घातली. घालून बघायचा प्रश्नच नव्हता. घरी येऊन बघितली तर एक माप लहान. आईचं डोकं तेवीस इंच, हॅट बावीस. दुसऱ्या दिवशी तिने ती दाबून, चार पिना खोचून घातली आणि दोन तास ताठ बसली. वर तू तिच्या मांडीवर झोपला होतास.

सोमवारी आम्ही बदलून मागायला गेलो. तुला ती भिंतीवरची पाटी आठवते? "हार्गेट्सचा माल, केव्हाही बदलून मिळेल." अजून तशीच आहे, दर दोन वर्षांनी रंग देतात. आईने पाटीकडे बोट दाखवलं. ती बाई म्हणाली, "तुझ्या केसांना लागलेली हॅट आता मी कुठल्या बाईला विकू? ती पाटी तुमच्यासाठी नाही." दुकानात सात-आठ माणसं होती. सगळी आमच्याकडे बघत होती. आई "बरं मॅडम" म्हणाली आणि खोक्याची दोरी परत बांधली. तिची गाठ नीट बसत नव्हती, मी गाठीवर बोट धरलं.

रस्त्यात मला म्हणाली, "रॉस्कोला सांगू नकोस. आज तो सहा वर्षांचा आहे, पण एक दिवस अठराचा होईल, आणि तेव्हाही ही गोष्ट त्याच्या लक्षात असेल."

मरेपर्यंत दर ईस्टरला तिने तीच घातली. मी हॅटचं काम शिकल्यावर म्हटलं, आतली पट्टी उसवून सैल करून देते. हात लावू देईना. म्हणायची, "दुकानाची हॅट आहे, तू बिघडवशील." मी! जिने मग सगळ्या गावाची डोकी मापली!

तू विचारतोस, मी थंड कशी. अरे, माझं दुकानच त्या डोकेदुखीतून निघालंय. म्हणून मी प्रत्येकीला आरशासमोर दहा मिनिटं बसवते, घाई केली तर ओरडते. कुणाचं डोकं दुखू नये म्हणून. आणि आता युला मे म्हणते, मी गोऱ्यांच्या आडमुठेपणावर जगते. मला राग आला तो ती खोटं बोलली म्हणून नाही. मला भीती वाटली, की तिचं खरं असलं तर? हार्गेट्सने दार उघडलं, सगळ्या तिकडे गेल्या, तर मी कोण उरेन? जे दार आईच्या तोंडावर बंद झालं, ते उघडू नये असं माझ्या मनात एक क्षण आलं. एकच क्षण, पण आलं. तुला सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. छापू नकोस.

रविवारी ईस्टर. नियम असा, की हॅट जुनी हवी. आईची निळी हॅट माळ्यावरून काढली आहे. या गावात तिच्याहून जुनी कुणाकडे असेल तर दाखवावी. माझं डोकं साडेबावीस, म्हणजे आईहून अर्धा इंच मी सुखी.

ओझेला


शिकागो
१७ एप्रिल १९६३

झेला,

डोकं कसं आहे?

रॉस्को


कॅलोवे
२२ एप्रिल १९६३

दुखतंय. रेव्हरंड एक तास चाळीस मिनिटं बोलले.

युला मेने हॅट ओळखली. बाहेर पायरीवर मला थांबवून म्हणाली, "ही तुझ्या आईची, लव्हिनिया मावशीची ना? ही घालून ती अशी का बसायची गं, लाकडासारखी?" मी सांगितलं. मग तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच सांगितलं, कारण आईची शपथ तुझ्यापुरती होती आणि ती तर मी आधीच मोडली होती. दुसऱ्या दिवशी कात्रण फळ्यावर नव्हतं, आणि बुधवारपासून हार्गेट्सच्या दारासमोर फलक घेऊन आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या असतो. तिला ऊन लागतं, मी माझी रुंद कडेची हॅट दिली. जुनीच आहे, काळजी नसावी.

ओ.


शिकागो
१९ मे १९६३

प्रिय झेला,

शुक्रवारी मी गेलो.

तुझं आठ एप्रिलचं पत्र महिनाभर खिशात होतं. पोस्टात पत्रं लावताना मध्येच हात खिशाकडे जायचा. आईने मला अठराव्या वर्षाच्या रागापासून वाचवलं, ते ठीक आहे. पण मी त्यानंतर सदतीस वर्षं स्वतःला वाचवतच राहिलो, ते तिने सांगितलं नव्हतं.

डेनीसच्या पत्र्याच्या गाडीसमोर उभा राहिलो. फलक पहिला अर्धा तास उलटा धरला होता. डेनीसने येऊन सरळ करून दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "हे माझे आजोबा आहेत." पाच वाजता साहेब आला. गाडी हळू केली. मी टोपी उचलून "गुड इव्हिनिंग, सर" म्हटलं, जसा काही मी बसची वाट बघत होतो. तो बघत राहिला. नोकरी अजून आहे. सोमवारचं माहीत नाही. लुरीनने रात्री मला कोंबडीचा मोठा तुकडा वाढला, लग्नानंतर पहिल्यांदा.

आणि आणखी एक खोटं परत घेतो. त्या स्टेट स्ट्रीटच्या दुकानात लुरीन सतरा हॅट घालून बघते हे खरं. पण विकणारी बाई सतराही वेळा तिच्या पाठीला चिकटल्यासारखी उभी असते, पर्सवर डोळा ठेवून. 'थँक यू, मॅडम' मी माझ्या पदरचं घातलं.

मी आता टी-केकला पात्र आहे का?

रॉस्को


कॅलोवे
२४ जून १९६३

प्रिय रॉस्को,

हार्गेट्स वाकलं! चार महिने दुकानात माशा मारल्यावर त्यांनी मंगळवारी सही केली. घालून बघायला मिळेल, 'मिसेस' म्हणतील, सप्टेंबरपासून आपल्या दोन मुली काउंटरमागे उभ्या राहतील. शब्द पाळतात की नाही बघायला पहिल्या दिवशी कुणाला तरी आत पाठवायचं होतं. सभेत युला मे उठली (ती उठणारच) आणि म्हणाली, "ओझेलाला पाठवा. हॅटमधलं तिला कळतं, आणि भांडणातलंही."

शनिवारी दहा वाजता गेले. मागे युला मे आणि वीसेक बायका, नुसत्या आरसे बघत. माझ्या हातात आईच्या हॅटचं खोकं, तेच, हार्गेट्सचं नाव असलेलं.

काउंटरवर एक गोरी पोरगी, विशीतली. "काय दाखवू?" म्हणाली.

म्हटलं, "बदलून हवी आहे. लहान होते."

तिने खोकं उघडलं. "ही... केव्हा घेतली होती?"

"१९१४. ईस्टरच्या आदल्या शनिवारी."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. आत जाऊन मॅनेजरला घेऊन आली. तो हॅटकडे बघून हसला. "अगं ओझेला, एवढ्या जुन्या हॅटचं..."

"मिसेस टिलरी," मी म्हटलं. "मंगळवारी तुमच्या साहेबांनी सही केली आहे."

तो लाल झाला. खोक्याची दोरी मी बोटाला गुंडाळून धरली होती. मी वर पाटीकडे बोट दाखवलं. आईने दाखवलं होतं तसंच. "केव्हाही, असं लिहिलंय. मी जरा उशिरा आले."

मागे युला मे खोकली. वीस बायकांनी वीस हॅट हातात धरून त्याच्याकडे बघितलं. तो पाटीकडे बघत राहिला, मग त्या पोरीला म्हणाला, "मिसेस टिलरींना हवी ती बदलून दे," आणि आत निघून गेला.

मग मी बसले. आरशासमोर. सात हॅट घातल्या, एकेकीला पुरती दहा मिनिटं दिली. शिवण बघितली. तुला सांगते, दोन हॅटची फुलं तर नुसती डिंकाने चिकटवलेली आहेत, पहिल्या घामाला गळून पडतील. त्यामुळे दुकानाची काळजी जरा कमी झाली. सगळी नाही. तरण्या पोरी तिकडे जातीलच, आणि जाऊ देत. त्यांची डोकी दुखणार नाहीत. मी त्यासाठीच सुई धरली होती. उरलेल्या माझ्याकडे येतील, कारण हार्गेट्सची पोरगी त्यांना "ही तुम्हाला शोभत नाही" असं तोंडावर सांगणार नाही. युला मेने कालच एक करायला सांगितली आहे, जांभळी. तिला जांभळा शोभत नाही. मी तोंडावर सांगितलं. तरी जांभळीच हवी आहे तिला.

तुझ्या टी-केक वेगळ्या खोक्यात आहेत. पण त्याच्या खालचं दुसरं खोकं लुरीनला सांभाळून उघडायला सांग. त्यातली हॅट निळी आहे, पांढऱ्या फुलांची, जवळजवळ तशीच. आईची कबर तू पाहून सतरा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये ती घेऊन ये, आपण दोघं मिळून तिला दाखवू.

ती मी त्या सात हॅटनंतर आठवी म्हणून मागितली होती. त्या पोरीने डोक्यावर ठेवली तर भुवयांपर्यंत खाली आली. पोरगी बिचारी चांगली आहे, तिला खरंच वाटलं मी चुकतेय. म्हणाली, "मिसेस टिलरी, ही तेवीस इंची आहे. तुम्हाला मोठी होते."

मी म्हटलं, "माहीत आहे. माझ्यासाठी नाही ती."

तुझी,
झेला